शेऱ्याच्या रकान्यातली बाई

"हवा येऊ द्या रे बाप्पा!" असं म्हणत ती पदराच्या टोकानं स्वतःच्या गळ्याला वारा घालायची. समोर चूल, चुलीवर ऐंशी लेकरांची खिचडी, आणि दारात ताटं घेऊन उभी पोट्ट्यांची रांग. पोट्टे एक पाऊल मागं सरकायचे, दोन पावलं पुढं यायचे. ती पुन्हा म्हणायची, "हवा येऊ द्या रे बाप्पा!" पुढं पुढं मला वाटायला लागलं की ही हाक लेकरांना नाही, भलत्याच कोणाला तरी आहे. कोणाला, ते कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

आमचं गाव कळंबच्या बाजूचं. शाळा चौथीपर्यंत. मीही त्याच शाळेत शिकलो, पण तिसरीपर्यंतच. चौथीत मास्तरांनी मी न केलेल्या खोडीसाठी छडी मारली, तेव्हा पाटी तिथंच ठेवून घरी आलो तो आलोच. बापानं बडवलं तरी परत गेलो नाही. त्याचा मला आजही पस्तावा नाही. लिहिता-वाचता येतं, तेवढं पुष्कळ झालं.

शाळेच्या मागं पत्र्याची स्वयंपाकखोली आहे. तिथं ती चौदा वर्षं रांधत होती. गॅस मिळाला होता, पण टाकी कायम संपलेली, म्हणून चूल. लेकरं तिला मावशी म्हणत. गावच्या नात्यानं मी तिचा सासरा लागतो, म्हणून ती मला मामाजी म्हणे आणि मी तिला सूनबाई. या नात्यात सगळं बोलता येतं असं नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

आता मी तिथं काय करत होतो ते सांगतो. लेकरांना वाढण्याआधी घरच्या कोणीतरी अन्न चाखायचं आणि चवीच्या वहीत लिहायचं, असा नियम आहे. आईबाप कापूस वेचायला जातात. गुरुजींनी मला विचारलं, कारण माझी नात तिसरीत होती आणि मी रिकामा होतो. मी म्हटलं, "चाखतो. पण जसं असन तसंच लिवीन." गुरुजी म्हणाले, "तसंच लिवा, आबाजी." तिथंच ते फसले.

त्या वहीत रकाने होते. तारीख, पदार्थ, चव, शेरा. माझ्याआधीच्या लोकांनी चवीपुढं 'चांगली' लिहून शेऱ्याचा रकाना कोराच सोडला होता. पानंच्या पानं कोरी. मला ते पटलं नाही. सरकारनं जागा सोडली ती उगाच सोडली असेल का? मी विचार केला की जेवणाचं चवीत लिहायचं, आणि बाकी जे डोळ्याला दिसलं ते शेऱ्यात. आणि बाकी म्हणजे काय? त्या खोलीत एक चूल, एक पिंप आणि ती. चुलीचं रोज काय लिहिणार?

म्हणून मी तिचं लिहीत गेलो.

'चव बरी. बाईनं दोनदा तोंड धुतलं.' 'वरण पातळ. बाई मधातच उठून भिंतीला पाठ लावून बसली.' 'भात चांगला. बाई रडली. कांदा चिरला नव्हता.'

हे मी वाईट बुद्धीनं लिहिलं नाही. मला नवल वाटत होतं. ज्या बाईला मी चौदा वर्षं ओळखतो, ती हीच का, असं नवल. पहिलेची बाई तुम्ही पाहायला पाहिजे होती. एका हातानं सराटा फिरवते आहे, दुसऱ्या हातानं कोणाची तरी वेणी घट्ट करते आहे, आणि तोंडानं तिसऱ्याच पोट्ट्याला पाढे विचारते आहे. स्वतः शाळेत गेलेली नव्हती. वर्गातून ऐकून ऐकून तिला पंधरापर्यंतचे पाठ झाले होते. मी एकदा म्हटलं, "सूनबाई, तू तं मास्तरीन झाली." तर म्हणे, "हो नं जी. मास्तरीन चुलीपाशी अन् मास्तर खुर्चीवर." गुरुजी खिडकीतून ऐकत होते, तेही हसले.

तीच बाई त्या हिवाळ्यात कोठीच्या दारात उभी राहून मला विचारायला लागली, "मामाजी, मी कायले आल्ती इथी?"

"तिखट न्यायले आल्ती."

"हो का?" असं म्हणून ती आत जाई आणि हळद घेऊन येई.

थंडी अशी पडली होती की लेकरं चुलीच्या धगीसाठी एकमेकांना ढकलत होती. मी कानाला मफलर गुंडाळून बसलेलो. आणि हिच्या मानेवरून घामाच्या धारा. एकदा तर तिनं पिंपातलं गार पाणी तांब्यात घेतलं आणि सरळ डोक्यावर ओतलं.

मी म्हटलं, "अव, न्युमोनिया होईन तुले!"

"होऊ द्या. थंडगार होईन तरी."

"ताप आहे का?"

"ताप नाही जी. आतून कोनीतरी भट्टी पेटवते अन् पळून जाते. थोड्या वेळानं पुन्हा थंडी वाजते." मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "अन् रातभर डोळ्याले डोळा नाही. घरात सासू हाका मारते, ती बिचारी पडून हाय. तिनं नाही मारली तरी मलेच ऐकू येते. सकाळी कापूस, दुपारी खिचडी, मंग पुन्हा कापूस. जीवच नाही लागून राह्यला कायच्यात."

त्या दिवशी मी लिहिलं, 'थंडी फार. बाईला घाम.'

मी माझ्या परीनं शोध घेत होतो. शुगर असेल म्हणून तिला जांभळाच्या बियांची भुकटी आणून दिली. ती दोन दिवस तिनं घेतली, तिसऱ्या दिवशी चुकून तीच फोडणीत टाकली. गावातल्या बाया म्हणाल्या, हिच्या अंगात येते, कोणाला तरी दाखवा. मी त्यांना झापलं. आमच्या वस्तीत आमच्या बापांनी देव-देवस्की सगळं बांधून नदीत सोडलं, ते मी परत आणू देणार नव्हतो. पण मग हे काय होतं? ते मला सांगता येत नव्हतं, आणि मला सांगता येत नाही अशी गोष्ट मला झोपू देत नाही.

मग मिठाचा आठवडा आला. सोमवारी मीठ नाही. मी म्हटलं तर ती म्हणे, "टाकलं जी, माह्या हातानं टाकलं." बुधवारी मीठ दोनदा. लेकरांनी पाणी पिऊन पिऊन पोटं फुगवली. शुक्रवारी एका पोरीनं तिसऱ्यांदा वरण मागितलं. सूनबाईनं सराटा वरणाच्या गंजावर आपटला आणि ओरडली, "मलेच खा आता! घे, मलेच खा!"

ती पोरगी रडली नाही, नुसती पाहत राहिली. मग हीच खाली बसली, पोरीला मांडीवर ओढलं आणि आपल्या हातानं वरणभात भरवला. मी ते सगळं लिहिलं. आता वाटतं, त्या दिवशी पेन्सिल खिशात ठेवायला पाहिजे होती. पण मी लिहिलं.

दहा-बारा दिवसांनी शाळा तपासायला साहेब आले. चांगला माणूस, आवाज बारीक. सगळ्या वह्या पाहता पाहता चवीच्या वहीपाशी थांबले. पानं उलटू लागले. "हे कोणी लिहिलं?" मी छाती पुढं काढून म्हटलं, "म्या." मला वाटलं, शाबासकी देतात. त्यांनी ओसरीवर उभं राहून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दोनदा तोंड धुतलं. रडली. मीठ नाही. मीठ दोनदा. सराटा आपटला. पोरीवर ओरडली. ती हातात खराटा घेऊन अंगणात उभी होती. सगळं ऐकलं तिनं.

साहेब म्हणाले, "गुरुजी, लहान लेकरांच्या अन्नाचा प्रश्न आहे. अशा बाईला कसं ठेवायचं? समिती बोलवा. दुसरी बाई पाहा."

ते गेल्यावर ती माझ्यापाशी आली. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मामाजी, माहा घाम सरकारी वहीत कायले लिवला?"

मी म्हटलं, "जे दिसलं थे लिवलं. खोटं काय हाय त्याच्यात?"

"खोटं नाही जी. चौदा वर्षं या चुलीपाशी गेली, थे नाही लिवलं कोनी. घाम बरा लिवला."

आणि गेली. त्यानंतर रोजची चव ती मला देई, पण वाटी जमिनीवर ठेवून. हातात नाही.

समितीची बैठक ठरली होती त्याच्या आदल्या दिवशी उपकेंद्राची सिस्टर लेकरांना रक्तवाढीच्या गोळ्या द्यायला आली. मी वही काखेत घेऊन तिच्यासमोर जाऊन बसलो. "सिस्टर, तुमी दवाखान्याच्या. हे वाचा अन् मले सांगा, हा कोनता रोग हाय."

ती पहिल्या पानावर हसली. दुसऱ्या पानावर कमी हसली. मग तिनं चष्मा काढला.

"आबाजी, बाईचं वय काय असन?"

"असन सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस."

"पाळी जायचा काळ आहे हा."

मी माझ्या चपलांकडं पाहिलं. सिस्टर माझ्या सुनेच्या वयाची, पण तिला काही संकोच नव्हता. म्हणाली, "लाजू नका. तुमी इतकं पाहिलं, तं आता ऐका बी. अंगाची लाही होते, घाम फुटते, झोप उडते, इसर पडते, रडू येते. कोनाले कमी, कोनाले जास्त. हा रोग नाही. पन हिचं नुसतं तेवढंच नाही. चौदा वर्षांत हिनं सुट्टी किती घेतली?"

मी आठवून पाहिलं. लेकरांना सुट्टी असली की ती कापसात. सण असला की घरी. "एकबी नाही."

"दोन्ही एकदम आलं तिच्यावर. आतून आटून गेली ते बाई. डॉक्टरले दाखवा, गोळ्या-औषधं असतात. पन पहिले तिले झोपू द्या." वही परत देताना म्हणाली, "आमच्याकडं गरोदर बाईचं कार्ड असते, लेकराचं कार्ड असते. या वयाच्या बाईचं असं कोनी लिवून ठेवलेलं मी पहिल्यांदा पाह्यलं." मग सिस्टर उठून चुलीपाशी सूनबाईजवळ जाऊन बसली.

तुम्हाला वाटेल मी खूश झालो. मी घरी आलो आणि ओसरीवर बसलो. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. ती याच वयाची असताना एका हिवाळ्यात तिनं आपलं अंथरूण ओसरीवर काढलं होतं. घरात जीव गुदमरते, म्हणे. मी म्हटलं, लोक म्हणतील बायकोले बाहेर काढलं. तिला आत घेऊन मी कडी लावायला लागलो. दोन हिवाळे लावली. ती भिंतीकडं तोंड करून पडे. मला वाटे रुसली आहे, आणि पाहू कोण आधी बोलतो ते. हट्टात मी कोणाला हार गेलो नाही. सिस्टरनं ज्या गोष्टी सांगितल्या त्या एकेक करून मी आठवत गेलो, आणि जवळजवळ सगळ्याच सापडल्या. 'हवा येऊ द्या' ही हाक कडी लावणाऱ्यांना होती, हेही तिथंच कळलं.

दुसऱ्या दिवशी समिती भरली. ती दाराशी उंबऱ्याबाहेर बसली होती. कोणी म्हणालं ठेवा, कोणी म्हणालं काढा. एक नाव तयारही होतं. एक तरुण बाई, गरजू होती, तिची काही चूक नव्हती. मी सिस्टरचं सांगायला तोंड उघडलं, पण आठ-दहा बाप्यांत सुनेविषयी ते शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी नुसतं म्हटलं, "तिले दवाखान्याचं काम हाय." तेव्हा तीच उठली.

"माही पाळी बंद होऊन राह्यली," ती सरळ म्हणाली. "लाज वाटत असन तं कान झाका. मले या कामाचा कटाळा नाही. ही चूल सुटली तं मी कोनाचीच कोनी नाही, नुसती घरातली मोलकरीन राहीन. पन मले एक महिना झोपू द्या. पुसदले माही मोठी बहीन हाय. बस एक महिना."

गुरुजी हळूच म्हणाले, "मावशी, स्वयंपाकीबाईले रजाच नसते. महिनाभर सैपाक कोन करन?"

"मी," मी म्हटलं.

सगळे हसले. हसू द्या. जयंतीचं गावजेवण पंचवीस वर्षं माझ्या हातचं आहे, कढया भरभरून बुंदी मी पाडली आहे. मी हट्ट धरून बसलो. शेवटी गुरुजी कबूल झाले. जो रांधतो त्यानं चाखायचं नाही, म्हणून चवीची वही माझ्याकडून काढून घेतली. ती उठताना माझ्याकडं पाहून म्हणाली, "मामाजी, लाकडं ओली हायेत. पहिले तुराट्या लावा." महिनाभरात तिनं माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

सासूजवळ नणंद येऊन राहिली आणि ही गेली.

जयंतीचं जेवण वर्षातून एकदा असतं आणि वाढायला शंभर हात असतात. हे मी विसरलो होतो. पहिल्या दिवशी खिचडी खाली करपली आणि वर कच्ची राहिली. लेकरांनी शिस्तीत मधली खाल्ली. चौथ्या दिवशी पाठ धरली. आठव्या दिवशी मी एका पोट्ट्यावर असा ओरडलो की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. त्या पत्र्याखाली दुपारी हवा म्हणून नसतेच. धूर डोळ्यात, वाफ नाकात, आणि दारात रांग. मला तर आतली भट्टी नव्हती, रात्री झोप होती, घरी सून ताट वाढून देत होती. तरी मी महिना संपायचे दिवस मोजायला लागलो.

महिना संपला. ती आली नाही. तिचा फोन घरीच होता, सासूच्या उशाशी. जाताना मुद्दाम ठेवून गेली होती. समितीत पुन्हा कुजबुज सुरू झाली. गुरुजी म्हणाले, "आबाजी, जाऊन इचारून या. सोमवारी दुपारी तीनले बसू. येते तं येते म्हना, नाही तं त्या दुसऱ्या बाईले कायले टांगून ठेवाचं?"

खरंच होतं ते. रविवारी सकाळी मी निघालो. यवतमाळला गाडी बदलली, दारव्हा, दिग्रस करत पुसदला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. विचारत विचारत बहिणीचं घर काढलं. साधं दोन खोल्यांचं घर, पुढं पडवी, पडवीला हिरवी जाळी लावलेली.

बहिणीनं दारातच तोंडावर बोट ठेवलं.

पडवीत, उघड्या फरशीवर, ती झोपली होती. ना सतरंजी, ना उशी. एक हात पसरलेला, तळवा वर. तोंड थोडं उघडं. पदर बाजूला घडी करून ठेवावा तसा पडलेला. मी नजर वळवली, पण तेवढ्यात दिसलं ते दिसलं. चौदा वर्षांत मी या बाईचे दोन्ही हात एकाच वेळी रिकामे पाहिले नव्हते.

बहीण कुजबुजली, "पहिले आठ दिवस नुसती बसून राहे जी. झोपच नाही. डॉक्टरीनीले दाखवलं. मंग एक दिवस दुपारी अशी पडली ते दिवाबत्तीलेच उठली. आता रोज झोपते. उठवू का तिले? तुमी एवढ्या दुरून आले."

माझा प्रश्न एका वाक्याचा होता. येतेस की नाही? तेवढं विचारायला मी अर्धा दिवस एसटीत बसून आलो होतो.

"नोको," मी म्हटलं. "निजू दे."

बहिणीनं चहा केला. मी पायरीवर बसून आवाज न करता प्यायलो. अर्धा तास बसलो. ती एकदा कूस बदलून काहीतरी पुटपुटली, पण डोळे उघडले नाहीत. मी आल्याचं तिला सांगू नका, असं बहिणीला बजावून परतीची गाडी धरली.

ती पुढं आली. महिनाभर उशिरा आली, थोडी सुटलेली, केस कापलेली. आल्यावर दोन वर्षं रांधलं. चिडायची अजूनही, विसरायचीही, पण मग सरळ सांगायची, "आज मले जमत नाही, मामाजी, चूल तुमी पाहा," आणि पत्र्याबाहेर लिंबाखाली जाऊन बसायची. मागच्या वर्षी सासू वारल्यावर ती पुसदलाच राहायला गेली. आता स्वयंपाकखोलीत ती तरुण बाई असते. हात चांगला आहे तिचा.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. समिती बसली होती, घड्याळात तीन वाजले होते. सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते.

"काय म्हने बाई?"

"येते म्हने," मी म्हटलं. "अजून एक महिना मागते. तवर मी हावोच."

"नक्की?"

"नक्की. माह्या तोंडावर बोलली."

कोणी पुढं विचारलं नाही. माझ्या बोलण्यावर गावात पुन्हा विचारायची पद्धत नाही. गुरुजींनी ते समितीच्या वहीत उतरवलं आणि वही माझ्याकडं सरकवली. सही म्हणून मी पूर्ण नाव घातलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश. तिकडं पुसदला ती जाळीच्या सावलीत झोपली असेल.